गुंडू वस्तादांचा सेल्फी

...आन् वर ती पोरगी मलाच इच्यारती, "सर, आपण खरोखर आपणच आहात, याची खात्री आम्हाला कशी पटावी?" आता तुम्हाला सांगतो पावणं, एकसष्ट वर्षं झाली मला जन्माला यिऊन, त्याच गल्लीत, त्याच घरात, त्याच नावानं... गैबी शिकलगार, कात्री-अडकित्त्याला धार लावणारा... गल्लीच्या तोंडाला उभं ऱ्हावून निस्तं "गैबी" म्हणा, तीन माणसं तुमचा हात धरून माझ्या दारात आणून सोडतील, आन् ह्या बाईला माझी खात्री पटंना. कुठं बसती ही बाई, मला ठाव न्हाय. कधी बघितली न्हाय. मी तिला इच्यारलं व्हय, की बाई, तू तूच हाईस का? न्हाय इच्यारलं. आम्ही माणसावर इस्वास ठेवतो. मी मीच हाय की ओ... पर ह्येचा पुरावा कुठनं आणू?

थांबा, मी शेवटाकडनंच सुरू केलं व्हय? असंच व्हायलंय महिनाभर. बायको म्हणती, झोपेत बी आकडं पुटपुटताय तुम्ही. पयल्यापासनं सांगतो, बसा.

आमची नागझरी तालीम. आता तालीम म्हंजे तुम्हाला वाटंल लाल माती, लंगोट, दंड-बैठका... तर तसलं काय ऱ्हायलं न्हाय, माती एका कोपऱ्यात गप पडल्याय, भिंतीवर सगळी शिल्डं हाईत, कारण आमचा समदा जीव फुटबॉलात. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की पयली लाथ चेंडूला मारतंय. माझा डावा पाय लहानपणापासनं अधू, त्यामुळं मी काय खेळलो न्हाय, पर मॅच चुकवली न्हाय. वही घिऊन जायचो. कोण खेळलं, कितव्या मिनिटाला गोल, कुणी मारला, कुणी आपल्याच पोस्टात मारला, समदं लिवायचो. पंचाला कोण काय म्हणालं, तेवढं गाळायचो. एक्याऐंशी सालापासनं, पावणं. त्येच्या आधीचं म्हाताऱ्यांच्या फुडं बसून, चहा पाजून, इच्यारून इच्यारून लिवलं. जिंकल्यालं लिवलं आन् हरल्यालं बी लिवलं. हरल्यालं जास्त हाय, खोटं कशाला बोलू. लोक यायचे, "गैबीभाई, त्ये पाच-शून्य कशाला ठेवलाईसा, काढा की." मी म्हणायचो, पाच गोल खाताना मला इच्यारलंतं का? मग आता काढताना मला का इच्यारताय? एक गोल कधी कुणासाठी इकडचा तिकडं केला न्हाय मी.

मग पंधरा साली माझ्या लेकीनं, अर्शीनं, तालमीची साइट काढून दिली. ती बेंगळुरात कंप्युटरचं काम करती. तिनं मला समजावून सांगितलं, अब्बा, साइट म्हंजे घर, आन् होस्टिंग म्हंजे ज्या जागेवर घर बांधलंय ती दुसऱ्याची जागा, वर्साचं भाडं भरायचं, ऱ्हायाचं. झालं, मी बसलो टाइप करायला. एका बोटानं. चार वर्षं, रोज दुकान बंद केल्यावर, चौतीस वह्या. शेवटची मॅच टाइप करून झाली आन् तिसऱ्या महिन्यात एकोणीसचा महापूर आला, तालमीत पुरुषभर पाणी, चौतीसच्या चौतीस वह्यांचा लगदा झाला. लोक रडाय लागले. मी हासत हुतो. म्हटलं, गप बसा, समदं नेटवर हाय, नेटवर पाणी चढत न्हाय. असा शहाणा मी.

आता फुडं ऐका. गेल्या साली टीमच्या नव्या जर्सीचा कार्यक्रम. आमचा अध्यक्ष राजवर्धन, बोलाय-चालायला एकदम पुढारी, त्यानं भला मोठा पडदा लावलाता, पावणे-रावळे, गल्लीतल्या समद्या बायका, म्हातारी माणसं... आन् म्हणाला, आता आपण आपल्या तालमीची साइट बघूया. बटण दाबलं. पडद्यावर वर आमच्या तालमीचं नाव, आन् खाली ताकदीच्या गोळ्या. पुरुषांच्या. शेजारी एक बाई, आता तिनं काय घातलंतं म्हणण्यापरास काय घातलं नव्हतं त्येच लवकर सांगून हुईल. पडदा काय बंद हुईना. राजवर्धननं घसा खाकरला आन् माइकात म्हणाला, "हे आपले या हंगामाचे नवीन स्पॉन्सर." टाळ्या वाजल्या, पावणं. टाळ्या!

अर्शीला फोन लावला. तिनं बघून सांगितलं, कुणीतरी आत शिरलंय, पासवर्ड कुणाला दिलता? म्हटलं, कुणाला न्हाय. मग कुठं लिहिला? म्हटलं, तालमीच्या फळ्यावर, प्रॅक्टिसच्या टायमाखाली. आता तालीम सगळ्यांची, तर पासवर्ड बी सगळ्यांचाच की. लपवला आसता तर तालमीत बोंब झाली आसती, गैबी एकटाच मालक झाला म्हणून.

तर तिनं घाण साफ केली आन् कमिटीची मीटिंग लावाय सांगितली. मोबाईलवर व्हिडिओतनं बोलली, शुद्ध मराठीत, "काका, नुसत्या पासवर्डवर आता भागत नाही. दोन गोष्टी हव्यात. एक तुम्हाला माहीत असलेली, म्हणजे पासवर्ड. दुसरी तुमच्या हातात असलेली, म्हणजे फोन. फोनवर एक सहा आकड्यांचा नंबर दिसतो, तो दर तीस सेकंदांनी बदलतो. पासवर्ड चोराला कळला तरी फोन त्याच्याकडे नसतो, म्हणून तो आत येऊ शकत नाही." समद्या कमिटीच्या माना एकदम हालल्या. कारण आमच्या तालमीत एक चांदीची गदा हाय आन् तिच्या कपाटाला दोन कुलपं हाईत. एक किल्ली गल्लीच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला. ही दोन अंगं म्हंजे आमचं दोन गट, मधी दहा फुटाचा रस्ता, पर मतदानाला, गणपतीला, टीम निवडायला, कायम उलटं. त्यामुळं एकट्याच्या हातात किल्ली द्यायची न्हाय, हा आमचा रिवाज. सगळे म्हणाले, ह्ये तर आपल्या गदेच्या कपाटासारखंच हाय की. पासवर्ड ह्या अंगाला ऱ्हाऊ दे, गैबीकडं. फोन त्या अंगाला, उदयसिंहाकडं.

अर्शी तिकडनं वरडती, "नको काका, दोन्ही एकाच माणसाकडे असायला हवं, माणसाची ओळख पटवण्यासाठी असतं ते..." पर तोवर ठराव पास झालाता. चहा आलाता.

आता उदयसिंह कोण, त्ये ऐका. माझ्या घराच्या बरोबर समोर त्येचं घर. एके काळचा आमचा फॉरवर्ड. आन् अठ्ठावीस वर्षं तो माझ्याशी बोलत न्हाय. का? शहाण्णवची सेमीफायनल, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, ह्यानं मारली, पोस्टाच्या बाहेर. मी वहीत लिवलं, "उदयसिंह, पेनल्टी, बाहेर." त्यो म्हणाला, कीपरनं अडवली असं लिव. मी म्हटलं, कीपर दुसऱ्या अंगाला पडलाता रं, बाहेरनं कसा अडवंल? झालं. बोलणं बंद. आन् वही नेटवर गेल्यावर त्ये जगाला दिसाय लागलं, मग तर बघायलाच नको.

अशा माणसाकडं माझी दुसरी किल्ली. फोन बी त्येचाच जुना, काच फुटल्याला, त्येच्यात आकडं दावायचं ॲप घातलं, सिम नको, नेट नको, निस्ता चार्ज पाहिजे. मग मला साइटवर मॅच चढवायची आसली की काय करावं लागायचं? मी आमच्या खिडकीत लॅपटॉप घिऊन बसायचो. समोरच्या गॅलरीत उदयसिंहाची आई, आक्का, ब्याऐंशी वर्षांची, आवाज मात्र खणखणीत. मी म्हणायचो, "आक्का, आकडा सांगा." आक्का आत तोंड करून, "उदया, त्यो आकडा इच्यारतोय." आतनं त्यो हळू बोलायचा, मला ऐकू यिऊ नी म्हणून. आन् आक्का गल्लीत वरडायची, "सत्तावीस! ... चाळीस! ... आन् शेवटचं काय रं? ... न्हाय म्हणं गैबी, बदाललं त्ये, परत लिव, एकोणनव्वद!" तीस सेकंद असत्यात, पावणं. चहात साखर ढवळायला तेवढी लागत्यात. चार-चार बारीला गाडी चुकायची. भाजीवाला गाडा थांबवून ऐकायचा. खालनं कोण तरी सांगायचं, "गैबीभाई, एकोणनव्वद न्हवं, एकोणसत्तर म्हणाल्या त्या." समद्या गल्लीला माझा गुप्त आकडा पाठ, आन् मी तेवढा चुकायचो. पर चाललं हुतं. आठ म्हैनं चाललं, मग हंगाम संपला आन् आकड्याचं काम पडंना.

मग त्यो मेल आला. होस्टिंगवाल्यांचा. की तुमच्या साइटवर अजून एक जुनी खराब फाईल सापडली, म्हणून साइट आम्ही झाकून ठेवतोय, मालकानं तीस दिवसांच्या आत लॉगिन करून खात्री द्यावी, न्हायतर समदं पुसण्यात येईल. साइट उघडली तर निस्तं पांढरं पान. म्हटलं, सोपं हाय. पासवर्ड मला पाठ. खिडकीत बसलो. "आक्का, आकडा सांगा."

आक्का म्हणाल्या, "कसला आकडा? त्यो फोन दिला की मी."

"कुणाला दिला आक्का?"

"ती येती न्हवं, जुनं मोबाईल आन् डोक्याचं क्यास घिऊन भांडी देणारी. बंदच पडलाता त्यो, फ्रिजवर धूळ खात. टब घेतला त्येच्यावर. निळा. वीस लिटरचा हाय. दोन फोन मागत हुती, मी एकावर भागवलं."

आन् तो टब उचलून दावला मला गॅलरीतनं. चांगला हुता टब. खोटं कशाला बोलू, जाड प्लॅस्टिक हुतं. माझा चाळीस वर्साचा फुटबॉल त्येच्यात, आन् वरनं दोन साड्या भिजत घातल्याल्या.

मी अर्शीला फोन लावला. ती म्हणाली, "अब्बा, घाबरू नका, मी तुम्हाला दहा कोड दिलेले ना, फोन हरवला तर वापरायचे? कुठे ठेवले?" म्हटलं, तू म्हणालतीस सुरक्षित जागी ठेवा, एकदम सुरक्षित जागी ठेवल्यात. "कुठे?" म्हटलं, खात्यातच, आतल्या फायलीत. दोन कुलपांच्या आत. आता त्येच्याइतकी सुरक्षित जागा कोल्हापुरात दुसरी कुठली ती मला सांगा. मग हळूच म्हणाली, "अब्बा, जेवलात का?" पोरगी असं इच्यारती न्हवं, तवा समजायचं, मेलं प्रकरण.

मी मीच हाय, पासवर्ड माझ्या डोक्यात हाय, बोटं माझीच हाईत, पर दार काय मला वळखंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघतो तर उदयसिंह. स्कूटर चालू करून उभा. माझ्याकडं न बघता, स्कूटरच्या आरशाला म्हणाला, "ती बाई हातकणंगल्याची हाय. धोंडुबाई." मी बी काय बोललो न्हाय, मागं बसलो. आता दोघंबी एका स्कूटरवर, आन् बोलणं अठ्ठावीस वर्षं बंद... वीस-बावीस किलोमीटर! त्यो वाऱ्याला म्हणायचा, "पेट्रोल भरावं लागंल." मी आभाळाला म्हणायचो, "भरावं की." आसं करत हातकणंगले गाठलं. धोंडुबाई घरीच हुती, भांडी रचत हुती. तिला समदं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, पोतं भरलं की ट्रकात जातंय. परवाच गेलं, अडीचशे-तीनशे फोन. कुठं जातंय त्ये मला न्हाय ठाव, दिल्लीकडं म्हणत्यात." मग तिलाच वाईट वाटलं आमचं, आत गेली, आन् दुसरा एक फोन घिऊन आली, म्हणाली, "ह्यो न्या की. ह्येच्यात बी आकडं निघत्यात, एक ते नऊ समदं हाईत." आता त्या बिचारीला काय सांगायचं?

परतीच्या वाटंवर चहाला थांबलो. दोन कप मधी, दोघं दोन टोकाला. आन् उदयसिंह बोलला. माझ्याकडं बघून बोलला. "गैबी, मी मुद्दाम न्हाय केलं रं. आईला ठावच नव्हतं." मी म्हटलं, "ठाव हाय मला." मग म्हणाला, "मी रोज वाचायचो ती साइट." मी म्हटलं, ती पेनल्टी? तर म्हणाला, "पेनल्टी एक बारीला वाचली. माझं चौदा गोल हाईत तितं. कुठल्या मिनिटाला मारलं, कुणी पास दिला, पाऊस हुता का न्हाय, समदं लिवलाईस तू. माझ्या नातवाला त्येच दावायचो." तुम्हाला सांगतो पावणं, मला लई वाईट वाटलं. अठ्ठावीस वर्षं मला वाटत हुतं, ह्यो माणूस एकच ओळ वाचतोय.

मग आम्ही दोघं मिळून लागलो होस्टिंगवाल्यांच्या मागं. म्हंजे बघा, आता खिडकीत मी आन् शेजारी उदयसिंह, आन् लॅपटॉपवर ती पोरगी, प्रियदर्शनी. नाव तेवढं दिसतंय, माणूस न्हाय. लई गोड बोलती, पर गादी लावल्याल्या भिंतीवर डोकं आपटल्यासारखं, लागत बी न्हाय आन् भिंत हालत बी न्हाय. "सर, आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत. आपण नोंदवलेल्या फोनवरील कोड सांगाल का?" बाई, त्यो फोनच गेला, म्हणून तर तुझ्याकडं आलो. "समजू शकते सर. मग आपले राखीव कोड सांगाल का?" त्ये आत हाईत. "कशाच्या आत, सर?" तू उघडून देत न्हाईस त्येच्या आत! "समजू शकते सर." तिला समदं समजतंय, पावणं, निस्तं उघडत न्हाय.

मग म्हणाली, "हरकत नाही सर, शेवटचा मार्ग आहे. खातेधारकांनी आपलं ओळखपत्र हातात धरून एक सेल्फी पाठवावा. चेहरा आणि ओळखपत्र जुळलं की आम्ही खातं उघडून देतो." मी उडालोच. म्हटलं, एवढंच व्हय? आत्ता पाठवतो. आधार कार्ड काढलं, केस विंचरले, उदयसिंहानं फोटो काढला, म्हणाला, जरा हास, साइटवाल्याला बरं वाटंल. पाठवला. पाच मिनिटांत उत्तर.

"सर, फोटो स्पष्ट आहे. परंतु आमच्या नोंदीनुसार खातेधारक आपण नसून श्री. गुंडू वस्ताद आहेत. कृपया त्यांचा सेल्फी पाठवावा."

चूक माझीच हुती. कारण पंधरा साली खातं काढताना त्या फॉर्मात लिवलंतं, "मालकाचं नाव". अर्शीनं मला इच्यारलंतं, अब्बा, काय लिहू? आता तालमीचा मालक कोण? मी? राजवर्धन? आसं लिवलं आसतं तर गल्लीच्या त्या अंगानं मला जिवंत ठेवलं आसतं? आवं, गुंडू वस्तादांनी तालीम उभी केली. आमच्या तालमीचं लाइटबिल अजून वस्तादांच्या नावानं येतंय. शिल्ड जिंकलं की हार पयला त्यांच्या फोटोला. काय बी आसलं की नाव वस्तादांचंच लिवायचं, ही आमची रीत, त्येच्यात इच्यारायचं काय? मी म्हटलं, लिव, गुंडू वस्ताद. कोण बी म्हणालं आसतं.

आन् वस्ताद बासष्ट साली गेलं.

मी त्या पोरीला लिवलं, बाई, त्यांचा सेल्फी मिळणार न्हाय, वस्ताद वारलं. ती म्हणाली, "ऐकून अत्यंत दुःख झालं, सर. कुटुंबीयांना आमची सहानुभूती कळवा. अशा परिस्थितीत मृत्यूचा दाखला पाठवल्यास आम्ही खातं वारसाच्या नावे करू शकतो." उदयसिंहानं मांडीवर थाप मारली. गेलो महापालिकेत. जुनं रजिस्टर, बासष्ट साल... मला वाटलं आता म्हैना जातोय हितंच. तर तितला माणूस आमच्याच पेठेतला निघाला, म्हणाला, वस्तादांचा दाखला व्हय, बसा, आन् एका दिवसात सही-शिक्क्यासकट हातात दिला. पयल्या झटक्यात काम झालं, तवाच मी वळखाय पाहिजे हुतं. पाठवला दाखला. वर वारस म्हणून तालमीचं पत्र, राजवर्धनची सही, शिक्का, समदं.

दोन दिवस गेले. पंचविसावा, सव्विसावा. बायको म्हणती, जेवा. मी म्हणतो, उत्तर यिऊ दे. आलं.

"सर, आपण पाठवलेली कागदपत्रं आम्ही तपासली. दाखल्यानुसार खातेधारकांचं निधन खातं उघडण्याच्या त्रेपन्न वर्षं आधी झालेलं दिसतं. त्यामुळे सदर खातं संशयास्पद व्यक्तीनं उघडलं असल्याची शक्यता नाकारता येत नाही. आपल्या सुरक्षेसाठी ते कायमचं बंद करण्यात येत आहे."

आपल्या सुरक्षेसाठी. माझ्या! मी, पावणं, मी. संशयास्पद व्यक्ती. ज्यानं ताकदीच्या गोळ्या घातल्या त्यो कुठं हाय? त्यो मजेत हाय, त्येला कुणी सेल्फी मागितला न्हाय. आन् मी मीच हाय, दोन गटांचं एकमत करून सांगतोय, मेल्या माणसाचा दाखला घिऊन सांगतोय, तर मीच चोर.

अर्शीनं इंग्रजीतनं पत्रं घातली त्यांना, तीन-चार. तिला बी त्येच उत्तर आलं, फक्त इंग्रजीत. मग ती नेटवर हुडकत बसली, कुठं जुनी प्रत ऱ्हायल्या का. पयलं पान तेवढं सापडलं. त्येच्यावर निस्ता वस्तादांचा फोटो, मिशीला पीळ दिल्याला. मॅच एक बी न्हाय. फोनवर रडाय लागली, "अब्बा, मीच लावलं होतं ते सगळं, तुमच्या भल्यासाठी." मी म्हटलं, तुझी काय चूक, बाळ. कुलूप चांगलंच हुतं. एवढं चांगलं कुलूप आम्ही कधी बघितलं नव्हतं.

तिसावा दिवस. मी आन् उदयसिंह खिडकीत बसलोतो, लॅपटॉप फुडं. काय करायचं हुतं? काय न्हाय. निस्तं बसलोतो, दवाखान्यात बसत्यात तसं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मेल आला. "आपल्या खात्यातील सर्व माहिती सुरक्षितपणे नष्ट करण्यात आली आहे. या कालावधीत कोणत्याही अनोळखी व्यक्तीला आपल्या खात्यात प्रवेश मिळालेला नाही, हे कळवण्यास आनंद होतो." आन् खाली पाच चांदण्या. आमची सेवा कशी वाटली?

उदयसिंहानं पाच चांदण्या दिल्या. म्हणाला, पोरगी बोलाय गोड हुती.

मग चार-पाच दिवस मी घराबाहेर पडलो न्हाय. दुकान बंद. कुणाला तोंड दावायची इच्छा नव्हती. पर किती दिवस बसणार? काल सांजच्याला गेलो तालमीच्या कट्ट्यावर. समदे बसलेते. पोरं बी हुती, म्हातारी बी. आन् आमचा विश्वजित, जुना गोलकीपर, आता पोट सुटलंय, त्यो पोरांना ब्याण्णवची फायनल सांगत हुता. "काय फायनल झाली ती... निम्मं कोल्हापूर भरलंतं. मी तीन बॉल असले काढले, असले काढले... आन् आपण जिंकलो. दोन-एक."

आता पावणं, ब्याण्णवची फायनल मी माझ्या हातानं लिवलीती. चार-शून्य. आम्ही खाल्ले चार. आन् चारातला एक ह्या विश्वजितच्याच दोन पायांतनं गेलता. मी तोंड उघडलं... आन् उघडंच ऱ्हायलं. कारण वही न्हाय. साइट न्हाय. दावणार काय? माझ्या तोंडाचा पुरावा कुठला?

विश्वजितनं मला बघितलं. जरा दचकला. समद्या पोरांनी माना वळवल्या माझ्याकडं. आन् त्यो हळूच, जरा अजिजीनंच म्हणाला, "गैबीभाई, तुमच्याकडं समदं लिवल्यालं हुतं. सांगा की ह्या पोरांना. दोन-एक, खरं का न्हाय?"

मी त्येच्याकडं बघितलं. पोरांकडं बघितलं.

म्हटलं, "दोन-एक न्हाय."

त्येचं तोंड उतरलं.

म्हटलं, "तीन-एक."